सातव्या खांबाचे फोटो

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तिला दारातली बादली दिसली आणि बादलीच्या तळाशी बुडालेला कॅमेरा दिसला.

पुढचा विचार तिने केलाच नाही. खांद्यावरची पिशवी टाकली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कॅमेरा वर काढला. बाही चिंब भिजली, फरशीवर पाणीच पाणी झालं — पण कॅमेरा वाचला!

"ठेवा!" आतून कुणीतरी ओरडलं. "आधी तो परत पाण्यात ठेवा!"

आतल्या खोलीतून एक उंच, किडकिडीत तरुण धावत आला. हातात चिमटा, कपाळावर ढकललेला चष्मा, आणि चेहरा असा की जणू तिने त्याच्या घरातलं माणूसच पळवलं होतं.

"अहो, बुडाला होता तो," ती म्हणाली.

"बुडाला नव्हता, बुडवला होता. कालपासून. वीस मिनिटं राहिली होती फक्त!"

मग तिला कळलं, की हातात होता तो कॅमेरा नव्हेच. कॅमेरा पाण्याखाली न्यायचा तर त्याला एका पाणबंद खोक्यात घालावं लागतं, तो हा खोका. आत नुसता घडी घातलेला पांढरा पेपर नॅपकिन. खोका दिवसभर पाण्यात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी नॅपकिन कोरडा निघाला तर खोका चांगला, अशी त्याची पद्धत होती.

"मग कोरडाच आहे की," काचेला नाक लावून ती म्हणाली.

"वीस मिनिटं बाकी आहेत."

"वीस मिनिटांत काय समुद्र घुसणार आहे?"

"घुसायचा तर अर्ध्या मिनिटातही घुसतो." त्याने खोका तिच्या हातून घेतला, अलगद बादलीत सोडला, घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्या ठिबकणाऱ्या बाहीकडे पाहिलं आणि एक टॉवेल पुढे केला. "माझ्या बादलीतून कॅमेरा वाचवणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. तो हसला नव्हता... पण हसू दाबायला त्याला बरेच कष्ट पडत होते, हे तिला स्पष्ट दिसलं.

ती आली होती ती दुकानाच्या काचेवरची चिठ्ठी वाचून. *पाण्याखालचा कॅमेरा, खोक्यासकट. वापरलेला. विकणे आहे — योग्य माणसालाच.*

"तो मला हवाय," तिने सांगितलं.

"डाइव्ह किती झाल्या तुमच्या?"

"अकरा."

"मग नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे विकायचा नाही." त्याने चष्मा नाकावर घेतला. "चिठ्ठीचं शेवटचं वाक्य वाचलंत ना?"

आता सांगायला हवं, की स्वाभिमान ही गोष्ट या मुलीकडे गरजेपेक्षा जरा जास्तच होती. ती कृत्रिम दात बनवायची. शहरातल्या निम्म्या डॉक्टरांच्या कवळ्या तिच्या टेबलावरून जायच्या, आणि एकही परत यायची नाही. "अयोग्य" हा शब्द तिने दुसऱ्यांच्या कामाबद्दल वापरला होता. स्वतःबद्दल कधी ऐकला नव्हता.

"हे हात बघा," तिने भिजलेला हात त्याच्यासमोर धरला. "दात केसभर उंच बसला, तर माणसाला धड जेवता येत नाही, आणि शिव्या मला बसतात. आजवर एकही बसलेली नाही."

"म्हणजे ताई सांगते ती दातवाली तुम्हीच!" तो म्हणाला. तिला डाइव्हिंग शिकवणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत. याची मात्र ती खरोखरची ताई होती. "हात चांगले आहेत, कोण नाही म्हणतंय? पण हे बघा, नवा डाइव्हर कॅमेऱ्यात डोळा घालतो आणि बाकी सगळं विसरतो. हवा किती उरली, आपण किती खोल आलो, जोडीदार कुठे गेला... मग तळावर आपटतो, चिखल उडवतो आणि त्या चिखलाचाच फोटो काढून घरी येतो. त्यात वापरलेला कॅमेरा. खोक्यात पाणी शिरू नये म्हणून झाकणाची एक रबरी कडी सांभाळायची असते, ती नव्या माणसाला कळत नाही. पन्नास डाइव्ह करा, मग या. मी स्वतः ठेवीन तुमच्यासाठी."

"पन्नास डाइव्ह होईपर्यंत धक्का राहणार नाही," ती म्हणाली.

हे तिला सांगायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"कुठला धक्का?"

मग तिने सांगूनच टाकलं. तिचे बाबा जुन्या बंदरात पाण्याखाली वेल्डिंग करायचे. बावीस वर्षांपूर्वी एका मालवाहू जहाजाने जुन्या धक्क्याला धडक दिली आणि सातव्या खांबाला तडा गेला. बाबांनी त्या पोलादी खांबाला कडं चढवलं आणि भोवती गोल वेल्डिंग केलं. बंदराचं पाणी तेव्हा इतकं गढूळ होतं, की डोळ्यांपुढे धरलेला हात दिसायचा नाही. सगळं काम बोटांनी चाचपून केलं. पुढे कानाचा पडदा फाटला आणि त्यांचं पाण्यात उतरणंच बंद झालं. आपलं सगळ्यात अवघड काम त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.

आता बंदर पलीकडे गेलं होतं, पाणी निवळलं होतं. धक्का पाडायचा होता, म्हणून मोजमापासाठी खांब खरवडून साफ केले होते. तीन आठवड्यांनी पाडापाडी सुरू होणार होती. बावीस वर्षं शेवाळाखाली दडलेलं ते काम या तीन आठवड्यांपुरतं उघडं होतं.

"विचारलं तर म्हणतात, काय करायचंय बघून? धक्का उभा आहे ना, झालं," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी फिरायला जातात ते त्याच धक्क्यावर."

"फोटो मी काढून देतो," तो म्हणाला. " फुकट."

"फोटो मी काढणार," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं काम आहे ते."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. बादलीपाशी ठेवलेलं घड्याळ वाजलं. त्याने खोका काढला, पुसला, उघडला. नॅपकिन ठणठणीत कोरडा होता. त्याने खोक्यात कॅमेऱ्याच्या वजनाचं शिसं ठेवलं, खोका बंद केला आणि तिच्यासमोर ठेवला.

"दोन आठवडे, चार डाइव्ह. हा रिकामा खोका घेऊन करायच्या. तळाला पाय लागता कामा नये. हवा किती उरली हे मी मध्येच विचारीन, काट्याकडे न बघता बोटांनी सांगायचं. जमलं, तर तिसऱ्या रविवारी आत खरा कॅमेरा."

"तुम्ही विचाराल? तुम्ही कशाला येणार?"

"खोका माझा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "एकटा कसा पाठवू?"

*

पहिल्या डाइव्हला ती तळावर दोनदा आपटली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा उडालेल्या चिखलातून त्याचा हात पुढे आला, तिच्या कोपराला धरून तिला वीतभर वर उचललं आणि लगेच सुटला. इतका लगेच, की तिला उगीचच वाटलं... अजून जरा वेळ आपटायला हरकत नव्हती.

बोटीवर चढल्यावर त्याने टॉवेल डोक्यावर घेतला आणि विचारलं, "हं, आज काय काय टिपलंत?"

"रिकाम्या खोक्याने?"

"खोका रिकामा आहे, तुम्ही तर नाही ना?"

ती चिडली, आणि चिडून तिने सांगितलं. दगडाच्या कपारीत बसलेला एक खेकडा, एकच नांगी बाहेर काढून, दारात उभ्या असलेल्या घरमालकासारखा. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "उजेड कुठून होता?" तिला आठवेना. "उद्या बघा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने बघितलं. आणि एकदा बघायला लागल्यावर तिला दिसायला लागलं — उजेड वरून येतो तेव्हा सगळं सपाट दिसतं, बाजूने येतो तेव्हा वाळूचा कणन् कण उभा राहतो. तिच्या टेबलावरचा दिवाही ती असाच तिरका धरायची, दातावरचा ओरखडा शोधताना. हे तिने त्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला. "मग तुम्हाला निम्मं आधीच येतंय," तो म्हणाला. कौतुक करताना तो एकही शब्द जास्त वापरत नसे, त्यामुळे ते पाच शब्द ती घरापर्यंत जपून घेऊन गेली.

तिसऱ्या डाइव्हला पाय लागला नाही. त्याने खुणेने हवा विचारली, तिने बोटांनी सांगितली, त्याने काटा पाहिला आणि पाण्यातच मान डोलावली.

चौथ्या डाइव्हनंतर बोट परत निघाली. ऊन चांगलं वर आलं होतं. ताई सुकाणूपाशी होती आणि तिचे कान मागे होते.

"आज काय टिपलंत?"

"तुम्हाला," ती म्हणाली.

"...कसा आलो?"

"हललात."

"फोटो हलला, का मी?"

"ते तुम्हालाच माहीत."

ताईने पुढे बघत बघतच विचारलं, "पाणी देऊ का रे? घसा सुकलेला दिसतोय तुझा."

*

तिसरा रविवार उजाडला. सोमवारी क्रेन येणार होत्या, तेव्हा हा दिवस हुकला तर हुकलाच. ताईने परवानगी काढली होती: सकाळी दोन डाइव्ह, दुपारी बारानंतर पाण्यात कुणी नको.

"खोका मी बंद करते," बोटीवर ती म्हणाली.

"आज नको. आज मी करतो. माझ्या हातून आजवर आत एक थेंब गेलेला नाही." हे बोलताना त्याची छाती जरा फुगलीच. तिने ओठ आवळले आणि पाठ वळवून केस बांधायला घेतले. दोन्ही हात वर, दातांत रबर, मानेवर ऊन... एवढंच. त्याने कॅमेरा आत सरकवला, कडी पुसली, झाकण दाबलं, खटका लावला.

पाणी खरंच निवळ होतं. एकामागून एक खांब पुढे आले, पाचवा, सहावा, आणि मग सातवा. त्याच्या कमरेला एक रुंद पोलादी कडं, आणि कड्याच्या वरच्या काठाने गेलेली ती गोल रेघ. तिच्या बाबांची रेघ. तिचे डोळे मास्कच्या आत भरून आले. तळापासून हातभर वर, निश्चल तरंगत तिने कॅमेरा सुरू केला.

पडदा पांढराफटक.

तिने बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा पांढरा. त्याने जवळ येऊन पाहिलं, खोका उलटा केला, भिंगात डोकावला. मास्कच्या काचेआड त्याचा चेहरा कसा कसा होत गेला हे तिने पाहिलं, आणि मग स्वतःही डोकावली.

भिंगाच्या बरोबर पुढे, घडी घातलेला, ठणठणीत कोरडा पेपर नॅपकिन होता. कालच्या बादलीतला. काढायचा राहिलेला.

पाण्याखाली भांडता येत नाही. खोका उघडताही येत नाही. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की माशांनीसुद्धा बाजूला व्हावं. मग तिने कॅमेरा त्याच्या हातात कोंबला, हातमोजा काढला आणि वेल्डिंगच्या रेघेवर बोट ठेवलं.

बोटाला बारीक लाटा लागल्या. एकावर एक, खवल्यांसारख्या, सगळ्या एका मापाच्या. डोळे मिटून ती खांबाभोवती सावकाश फिरत गेली. बाबांनीही असंच केलं असणार, काळ्या पाण्यात, एकेक लाट चाचपत. हे काम माझ्या बापाचं आहे! तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंडात नळी होती.

वर आल्यावर तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"चूक माझी," तो म्हणाला. "सगळी माझी."

ताईने वळून पाहिलं. "हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय. पुन्हा म्हण."

"ताई, गप्प बस." मग तिच्याकडे, सरळ तिच्या डोळ्यांत बघून, "तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही केस बांधत होतात. आणि मी... विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा."

तिच्याजवळ चांगले पाच-सहा कडक शब्द तयार होते. ते कुठे गेले, कुणास ठाऊक. "किती वाजले?" तिने विचारलं.

"साडेदहा," ताई म्हणाली. "अकराला उतरलात तर वेळ आहे."

"खोका इकडे द्या," ती त्याला म्हणाली. "आणि या वेळी तिकडे तोंड करून बसा."

तो निमूटपणे समुद्राकडे तोंड करून बसला. तिने नॅपकिन काढला, केसभर धूळ नको म्हणून कडी बोटांनी तपासली, कवळीला शेवटचा हात फिरवावा तशी पुसली आणि खोका बंद केला. कॅमेरा सुरू करून पाहिला. पडद्यावर त्याची पाठ आली, ओले केस आणि लालबुंद झालेले कान. तिने तो फोटो काढला आणि कुणाला सांगितलं नाही.

अकरा वाजता दोघं पुन्हा सातव्या खांबापाशी होते. तो दिवा घेऊन तिच्या उजवीकडे, जरा खाली गेला आणि त्याने उजेड तिरका टाकला. एकेक लाट उभी राहिली. तिने श्वास सावकाश सोडला, बटण दाबलं. मग हातभर पुढे. तोही हातभर पुढे. न बोलता, न खुणावता दोघं खांबाभोवती एक पूर्ण फेरी फिरले. आठ फोटो. तळाचा चिखल जिथल्या तिथे होता.

किनाऱ्यावर उतरल्यावर तो म्हणाला, "कॅमेरा तुमच्याकडेच राहू द्या. तसाच. माझ्या चुकीची भरपाई समजा."

"भरपाई म्हणून नको," ती म्हणाली. "घेईन तर विकत घेईन. तेही तुम्हाला मी योग्य वाटत असेन तर."

संध्याकाळी ती पैसे घेऊन दुकानाशी आली, तेव्हा काचेवरची चिठ्ठी निघालेली होती, आणि खोका नुकताच धुऊन, पुसून, तिच्या नावाच्या पिशवीत घालून ठेवला होता.

*

फोटो छापून यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या संध्याकाळी तिने त्याला घरी बोलावलं. का, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही, फक्त इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. लांबून पाडापाडीचा धाडधाड आवाज येत होता आणि ते तो ऐकत नसल्यासारखं करत होते.

तिने आठही फोटो त्यांच्यासमोर ओळीने मांडले.

बाबांनी चष्मा घातला. मग तिचं भिंग मागितलं. पहिल्या फोटोवरून बोट निघालं ते रेघेवरून, सावकाश, दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं. आठव्या फोटोच्या कडेला बोट पोहोचलं, थांबलं, आणि पुन्हा पहिल्यावर आलं. पुन्हा फेरी. पुन्हा थांबलं.

"काय शोधताय, बाबा?"

"सुरुवात," ते म्हणाले. "सुरुवात केली ती जागा आणि शेवट केला ती जागा. गोल कामात ती दिसतेच. कितीही मोठा कारागीर असो, थोडा तरी उंचवटा राहतोच तिथे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सापडत नाहीये. मलाच सापडत नाहीये."

ते खुर्चीत मागे टेकले. "मग चांगलं केलं होतं तर मी," ते म्हणाले.

"चांगलं?" ती म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात ते फार वर्षांनी ठेवत होते. "आणि तू ते नीट दाखवलंस," ते म्हणाले. "एकही फोटो हललेला नाही. माझी मुलगी शोभतेस."

मग त्यांनी एक फोटो उचलून तिरका धरला. "दिवा कोणी धरला होता?"

तो खुर्चीत ताठ झाला. "मी धरला होता, काका."

"खालून, उजवीकडून. ज्याला काम कळतं, तोच असा धरतो." त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, जसे फोटो न्याहाळले होते तसेच. आठही फोटो नीट गोळा केले, काखेत मारले आणि उठले. "वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दाखवून येतो," ते म्हणाले. स्वतःच्या कामाबद्दल जन्मात कुणाला एक अक्षर न सांगितलेला माणूस चपला न घालताच जिना चढायला लागला.

खोलीत दोघंच उरले. तो टेबलावरचं भिंग उगीच पुसायला लागला.

"मला जरा... म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या बाबतीत..." त्याने सुरुवात केली.

"कॅमेऱ्याचं नंतर," ती म्हणाली. "मला तू आवडतोस."

भिंग पुसणारा हात थांबला. "हे... हे मी आधी सांगणार होतो."

"मग सांगायचं होतंस. तीन आठवडे होते तुझ्याकडे."

"मी नीट तयारी करत होतो!"

"दिवसभर बादलीत ठेवून?"

तो हसला, मग हसायचा थांबला, आणि अगदी हळू म्हणाला, "माझं फार प्रेम आहे तुझ्यावर. तू पहिल्याच दिवशी हात पुढे करून म्हणालीस ना, हे हात बघा... तेव्हापासून मी तेच बघतोय." तिने हात टेबलावर ठेवला. त्याने तो धरला, आणि या वेळी लगेच सोडला नाही.

वरच्या मजल्यावरून बाबांचा आवाज आला. बावीस वर्षं आत ठेवलेला आवाज असल्यामुळे तो चांगलाच मोठा होता. "काम माझं! फोटो माझ्या मुलीने काढलेत!"

शेजाऱ्यांनी काहीतरी विचारलं.

"दिवा ना?" बाबा म्हणाले. "तो धरणारा खाली बसलाय. बहुतेक आमचाच होतोय!"

खाली दोघांनाही ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. वर जाऊन बाबांना गप्प करावं, असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.